जुलैतल्या गवतासाठी मोअर निवडताना

पावसाळा तोंडावर आला की बागेच्या मशीनबद्दलची पत्रं वाढतात. यंदा ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच वाचकांनी एकच विषय काढला आहे: चाकं इंजिनावर फिरणारा, म्हणजे सेल्फ-प्रोपेल्ड लॉनमोअर घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय बघून घ्यावा. दुकानात मोअर दाखवतात तो कोरड्या फरशीवर. आपल्याकडे त्याची खरी कामगिरी मात्र जून ते ऑक्टोबर या काळात असते. गवत तेव्हाच सपाट्याने वाढतं आणि जमीनही तेव्हाच मऊ असते. पुढची उत्तरं जुलै महिना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

प्रश्न: बंगल्याभोवती अडीच गुंठे लॉन आहे. माळी ब्रश कटरने कापतो, पण लॉन उंचसखल दिसतं आणि दोन दिवसांत पिवळट पडतं. दुकानदार सेल्फ-प्रोपेल्डच घ्या म्हणतो. साधा ढकलायचा मोअर पुरणार नाही का? (घोडबंदर रोड, ठाणे)

आधी पिवळेपणाचं बघू. ब्रश कटरची नायलॉन दोरी गवत कापत नाही, पातं झोडपून तोडते. तुटलेलं टोक चिंध्यांसारखं होतं, वाळतं आणि लांबून सगळं लॉन पिवळट दिसतं. शिवाय उंची माळ्याच्या हातावर अवलंबून राहते. मोअरची उंची चाकांवर ठरते, म्हणून कापणी एकसारखी येते. ब्रश कटर कडेच्या पट्ट्या, झाडांची बुंधं आणि कुंपणाखालचं गवत यांच्यासाठी राहू द्या.

आता ढकलायचा की चालता. अडीच गुंठे म्हणजे सुमारे २७०० चौरस फूट. १८ इंची, म्हणजे ४६ सेंमी पात्याच्या मोअरने दर फेरीला ७-८ सेंमी आधीच्या पट्ट्यावर घेतले, तर ३८ सेंमीचा नवा पट्टा निघतो. माणूस ताशी ३ किमीने चालतो असं धरलं, तरी वळणं आणि पिशवी रिकामी करणं मिळून काम अर्ध्या तासात आटोपतं. डिसेंबरमध्ये एवढ्यासाठी ढकलायचा मोअर सहज पुरतो. जुलैत तोच मोअर ओल्या मातीत रुततो, डेकखाली (पात्यावरच्या कव्हरखाली) चिकटलेल्या गवताने दोन-तीन किलो जड होतो आणि दाट गवतात पुढे सरकायला दुप्पट जोर लागतो. म्हणून नुसत्या क्षेत्रफळावर ठरवू नका.

दोन गुंठ्यांच्या आतलं सपाट लॉन असेल तर ढकलायचा घ्या. पाच गुंठ्यांच्या वर असेल तर सेल्फ-प्रोपेल्ड. मधल्या लॉनसाठी तीन गोष्टी तपासा: चढ आहे का, पावसात माती चिकट होते का, आणि मोअर चालवणाऱ्याचं वय व पाठ कशी आहे. यातल्या दोन गोष्टींचं उत्तर ‘हो, अडचण आहे’ असं असेल तर जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे.

याची उलट बाजूही आहे. लॉनमध्ये दर आठ-दहा फुटांवर नारळ, वाफा किंवा कारंजं असेल तर प्रत्येक वळणाला ड्राइव्हचा, म्हणजे इंजिनाची गती चाकांना देणारा दांडा सोडावा लागतो. मग चाकांच्या गतीचा उपयोग राहत नाही. उरतं ते गिअरबॉक्सचं जादा वजन. ५३ सेंमीचा पेट्रोलवरचा सेल्फ-प्रोपेल्ड मोअर साधारण ३० ते ४० किलोंचा असतो. घराच्या बाजूच्या बोळातून तो जाईल का, हे एसीच्या आउटडोअर युनिटची जागा वगळून मोजून घ्या. पात्याची रुंदी ५३ सेंमी असली तरी बाहेरून मोअर त्याहून रुंद असतो.

प्रश्न: घर टेकडीच्या पायथ्याशी आहे, लॉनला उतार आहे. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेलं मॉडेल स्वस्त पडतंय. घ्यावं का? (खारघर)

नको. पुढच्या चाकांच्या ड्राइव्हची सोय वळताना कळते. हातातला दांडा खाली दाबला की पुढची चाकं उचलली जातात आणि ड्राइव्ह न सोडता मोअर वळतो. सपाट, वळणावळणाच्या लॉनला हे छान. पण चढावर वजन मागच्या चाकांकडे सरकतं. मागे लावलेली पिशवी ओल्या गवताने भरली की आणखी सरकतं. पुढची चाकं हलकी पडतात आणि ओल्या गवतावर जागच्या जागी फिरतात. फिरताना गवत उपटून मातीचे दोन चट्टे पडतात आणि तिथे लव्हाळा शिरायला वेळ लागत नाही.

उतारासाठी आणि पिशवी लावून काम करण्यासाठी मागच्या चाकांचा ड्राइव्ह हवा. मागची चाकं पुढच्यांपेक्षा मोठी असतील तर ती कमी रुततात. चारही चाकांच्या ड्राइव्हची घरच्या लॉनला सहसा गरज नसते. त्यात दुरुस्तीच्या जागा मात्र वाढतात.

उतार किती आहे हे अंदाजाने ठरवू नका. दहा फुटांची सरळ पट्टी उताराच्या वरच्या टोकाला टेकवा आणि पाणसळीने आडवी धरा. दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर २ फूट ८ इंचांपर्यंत असेल तर उतार १५ अंशांच्या आत आहे. त्याहून जास्त असेल तर मागून चालवायचा मोअर तिथे वापरू नका. त्या भागात गवताऐवजी जमिनीलगत पसरणारी झाडं लावा. १५ अंशांच्या आतल्या उतारावर मोअर आडवा चालवायचा, वर-खाली नाही. वर चढवताना पाय घसरला तर मोअर तुमच्याकडे येतो, उतरताना घसरला तर तुमचा पाय डेककडे जातो. पायात बूट हवेत. चप्पल घालून मोअर चालवू नका आणि माळ्यालाही चालवू देऊ नका.

वेग कमी-जास्त करता येणारा ड्राइव्ह घेणं चांगलं. एकाच वेगाचा ड्राइव्ह कोरड्यात बरा वाटतो. दाट, ओल्या गवतात पात्याला कापायला वेळ मिळावा म्हणून चाल कमी करावी लागते आणि तिथे तो अडतो.

प्रश्न: रो-हाउसपुढे साधारण ६०० चौरस फूट लॉन आहे. पेट्रोल, बॅटरी की वायरवरचा मोअर? शेजारी आवाजाची तक्रार करतात. (नेरूळ)

६०० चौरस फुटांना सेल्फ-प्रोपेल्ड नको, पेट्रोलही नको. ३३ ते ३८ सेंमी पात्याचा, ढकलायचा बॅटरी मोअर घ्या. शेजाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० ची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पेट्रोल मोअरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानापाशी ८० डेसिबलच्या वर सहज जातो.

बॅटरी घेताना नुसता व्होल्टचा आकडा बघू नका. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की वॉट-अवर मिळतात, आणि काम होतं ते त्यांच्यावर. खोक्यावर ‘४० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेली बॅटरी चालताना ३६ व्होल्टचीच धरायची. ४० हा नुकत्याच पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा आकडा असतो. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे १४४ वॉट-अवर. मोटर सरासरी ६०० वॉट ओढते असं धरलं तर साधारण १४ मिनिटं मिळतात. ओल्या, दाट गवतात त्याहून कमी. तुमच्या लॉनला तेवढी पुरतात. तीन-चार गुंठ्यांना बॅटरीवरचा सेल्फ-प्रोपेल्ड घ्यायचा असेल तर दोन बॅटऱ्या धरूनच किंमत काढा, कारण चाकंही त्याच बॅटरीवर फिरतात.

काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास निवू द्या. गवत वाढत नाही अशा महिन्यांत ती अर्धी चार्ज करून घरातल्या थंड जागी ठेवा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

वायरवरचा मोअर स्वस्त आणि हलका असतो. पण ओल्या गवतावर तो वापरायचा नसतो, आणि आपल्याकडे गवत वाढतं तेच पावसात. घेतलाच तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), किमान १.५ चौरस मिमीची तीन तारांची रबरी वायर आणि बाहेर वापरण्याजोगा प्लग या तिन्ही गोष्टी हव्यातच.

प्रश्न: कार्पेट गवत आहे. मल्चिंगवाला मोअर घेतला, पण पावसात डेक गच्च भरतो आणि लॉनवर गवताचे गोळे पडतात. मोअर बिघडला आहे का? (वाशी)

मोअर ठीक आहे. मल्चिंगमध्ये मागचं तोंड बुचाने बंद असतं. कापलेलं गवत डेकमध्येच फिरत राहतं, बारीक होतं आणि खाली पडतं. यासाठी गवत कोरडं हवं आणि एका वेळी थोडंच कापलेलं हवं. रुंद पानांच्या कार्पेट गवतात पाणी भरपूर असतं. जुलैत ते डेकच्या आतल्या बाजूला लगद्यासारखं थापलं जातं. हवेची वाट बंद झाली की पात्याने उभं केलेलं गवत पुन्हा आडवं पडतं आणि अर्धवट कापलं जातं.

पावसाच्या चार महिन्यांत मल्चिंगचं बूच काढून ठेवा आणि पिशवी किंवा बाजूची फेक (कापलेलं गवत बाजूने बाहेर टाकणारी सोय) वापरा. पातंही बदलावं लागेल. मल्चिंगचं पातं वळणदार असतं, गवत खाली ढकलतं. पिशवीसाठी मागची कड वर उचललेलं, जास्त हवा ओढणारं पातं लागतं. नोव्हेंबरपासून मल्चिंग सुरू करा, कापलेलं गवत खत म्हणून तिथेच जिरेल. म्हणून नवा मोअर घेताना मल्चिंग, पिशवी आणि बाजूची फेक या तिन्ही सोयी एकातच असलेला घ्या.

उंचीकडेही लक्ष द्या. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. कार्पेट गवत ४० ते ५० मिमी ठेवा, झाडाच्या सावलीत आणखी थोडं वर. मेक्सिकन गवत २० ते ३० मिमी आणि सिलेक्शन नंबर १ हे १५ ते २५ मिमीपर्यंत खाली चालतं, तरी पावसात दोन्ही एक खाच वरच ठेवा. म्हणजे उंचीचा दांडा २५ ते ७५ मिमीच्या दरम्यान पाच-सहा खाचांत हलणारा हवा. चार चाकांना चार वेगळे दांडे असण्यापेक्षा सगळी चाकं एकदम वर-खाली करणारा एकच दांडा सोयीचा. माळी चारही दांडे एकाच खाचेत लावेल याचा भरवसा नसतो, आणि एक चाक चुकलं तरी कापणी तिरकी येते.

पावसाने दोन आठवडे उसंत दिली नाही आणि गवत घोट्याच्या वर गेलं, तर सगळ्यात वरच्या खाचेवर, अर्धाच पट्टा घेत एकदा कापा. दोन-तीन दिवसांनी खाली उतरा. जमीन तयार आहे का हे टाचेने कळतं. लॉनवर टाच दाबून उचला. खड्ड्यात पाणी जमत असेल तर त्या दिवशी मोअर बाहेर काढू नका. ३५ किलोंचं मशीन चाकोऱ्या पाडतं आणि माती दाबून टाकतं. दाबलेल्या मातीत कार्पेट गवत मागे पडतं.

कार्पेट गवताला पावसात बारीक दांड्यांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखे तुरे येतात. हाताने ढकलायचा, रिळाच्या पात्यांचा मोअर हे तुरे नुसते वाकवून पुढे जातो. या गवताला फिरत्या पात्याचाच मोअर लागतो. रिळाचा मोअर अर्ध्या गुंठ्याच्या, कायम आखूड ठेवलेल्या सिलेक्शन नंबर १ ला उत्तम.

वाशी खाडीजवळ असल्याने डेकबद्दल एक सांगायला हवं. पत्र्याचा डेक मजबूत असतो, पण ओलं गवत आणि खारी हवा मिळून तो आतून गंजतो. ॲल्युमिनियमचा किंवा जाड प्लास्टिकचा डेक मिळत असेल तर त्याला प्राधान्य द्या. पत्र्याचाच असेल तर दर कापणीनंतर लाकडी पट्टीने आतलं गवत खरवडा आणि डेक वाळू द्या.

प्रश्न: सोसायटीच्या सात गुंठे लॉनसाठी मोअर घ्यायचा आहे. दुकानात नेमकं काय तपासावं? इंजिन किती सीसीचं असावं? (ऐरोली)

सीसीवरून फार डोकं खाजवू नका. ४६ ते ५३ सेंमीच्या डेकला १४० ते १९० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन पुरतं. होंडा किंवा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनसारखं ओळखीचं इंजिन असेल तर प्लग, फिल्टर, कार्ब्युरेटर मिळायला अडचण येत नाही. खरी अडचण ड्राइव्हच्या भागांची होते. इंजिन एका कंपनीचं आणि डेक, गिअरबॉक्स, चाकं दुसऱ्याच कंपनीची असतात. म्हणून दुकानदाराला विचारा की ड्राइव्हचा पट्टा, ड्राइव्हची केबल, मागच्या चाकांचे दाते आणि पातं आत्ता दुकानात दाखवता का. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या. ऑगस्टमध्ये पट्टा तुटला आणि तीन आठवडे आला नाही, तर लॉन हातचं जातं.

मागचं चाक काढून दाखवायला सांगा. चाकाच्या आत दातेरी कडं असतं आणि त्यात एक लहान दातेरी चक्री फिरते. कडं प्लास्टिकचं असणं नेहमीचं आहे. दाते जाड आणि पूर्ण खोलीचे आहेत का बघा, आणि आत कचरा जाऊ नये म्हणून झाकण आहे का तेही बघा. झाकण नसेल तर ओलं गवत आणि माती आत जाऊन दाते घासले जातात. मग इंजिन जोरात चालतं आणि मोअर जागचा हलत नाही. चाकात बॉल बेअरिंग असेल तर सोसायटीच्या रोजच्या वापराला ते प्लास्टिकच्या बुशपेक्षा जास्त टिकतं.

दांड्यावरची सुरक्षा-पट्टी सोडल्यावर पातं किती वेळात थांबतं तेही बघा. तीन सेकंदांच्या आत थांबायला हवं. ५३ सेंमीचं पातं मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किमीच्या आसपास असतो. ही पट्टी दोरीने बांधून ठेवायची सवय काही माळ्यांना असते. सोसायटीत मुलं फिरतात, तेव्हा हे अजिबात चालू देऊ नका.

वॉरंटीचा कागद तिथेच वाचा. घरगुती वापराची वॉरंटी सोसायटीच्या वापराला लागू होते का, हे कंपनीपरत्वे बदलतं. बिल सोसायटीच्या नावावर असेल तर हा मुद्दा आधीच लेखी मिटवा.

प्रश्न: नवा पेट्रोल मोअर आणला आहे. तेल, पेट्रोल आणि उन्हाळ्यात ठेवणं याबद्दल सांगाल का? (कोलशेत, ठाणे)

पहिली दोरी ओढण्याआधी तेलाची काडी बघा. नवे मोअर बहुतेक वेळा इंजिनात तेल नसताना येतात, आणि कोरडं इंजिन काही मिनिटांत कायमचं खराब होतं. साधारण अर्धा लिटर एसएई १०डब्ल्यू-३० तेल लागतं. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पहिलं तेल ५ तासांच्या वापरानंतर बदला, पुढे दर ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा. दाट गवतात राबणाऱ्या मोअरला २५ तासांनी बदललं तर जास्त बरं.

ब्रश कटर बहुधा टू-स्ट्रोक असतो, त्याच्या पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळावं लागतं. मोअर फोर-स्ट्रोक, त्याला साधं पेट्रोल. माळी एकाच कॅनमधून दोन्हींत भरतो. मोअरमध्ये मिश्रण गेलं तर धूर येतो आणि प्लग काळा पडतो. ब्रश कटरमध्ये साधं पेट्रोल गेलं तर पिस्टन जाम होतो, आणि हे नुकसान मोठं. दोन वेगळ्या रंगांचे धातूचे कॅन ठेवा आणि वर ठळक लिहा.

२०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल असतं. बऱ्याच लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच मुभा दिलेली आहे, म्हणून घेण्याआधी ई-२० चालतं का हे विचारा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि पहिलं तेच कार्ब्युरेटरमध्ये जातं. एका वेळी लिटरभरच पेट्रोल आणा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.

परदेशी पुस्तिकांत ‘हिवाळ्यात मोअर बंद ठेवताना’ असं प्रकरण असतं. आपल्याला ते साधारण जानेवारी ते मे या काळासाठी वाचायचं. टाकी रिकामी करा, पेट्रोलची तोटी बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होईल. मधे एखाद-दुसरी कापणी लागलीच तर तेवढंच ताजं पेट्रोल भरा. टाकीत पेट्रोल ठेवून मोअर चार महिने उभा केला तर कार्ब्युरेटरमधल्या जेटच्या सुईएवढ्या भोकात डिंकासारखा थर बसतो, आणि जूनमध्ये दोरी ओढून खांदा दुखला तरी इंजिन सुरू होत नाही.

प्रश्न: पाण्याच्या स्प्रिंकलरवर मोअर आदळला. तेव्हापासून सुरू करताना दोरी हाताला हिसका देते. (ठाणे पश्चिम)

चालवणं थांबवा. आदळल्यावर फ्लायव्हीलची (इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकाची) लहान चावी कापली गेली असावी. तिच्यामुळेच ठिणगी योग्य वेळी पडते. ती अर्धी कापली तर ठिणगी लवकर पडते आणि दोरी उलट ओढली जाते. चावी स्वस्त असते, मेकॅनिक बदलून देतो. पण त्याला क्रँकशाफ्टचं, म्हणजे पातं बसतं त्या इंजिनाच्या शाफ्टचं टोक वाकलं आहे का हेही तपासायला सांगा. मोअर पूर्वीपेक्षा जास्त थरथरत असेल तर तशी शक्यता आहे, आणि वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करू देऊ नका. स्वतः खाली बघायचं असेल तर आधी प्लगची टोपी काढा आणि मोअर कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहील असा कलंडवा. उलटा कलंडवला तर तेल एअर फिल्टरमध्ये उतरतं.

प्रश्न: नवा सेल्फ-प्रोपेल्ड मोअर पुढे छान जातो, पण ड्राइव्ह सोडल्यावर मागे ओढताना मागची चाकं अडकतात. परत करावा का? (बेलापूर)

परत करायची घाई नको. बऱ्याच मॉडेलमध्ये ड्राइव्ह सोडला तरी आतली चक्री दात्यांत अडकून राहते. दांडा सोडल्यावर मोअर आधी दोन-तीन इंच पुढे ढकला, चक्री सुटल्याची टिक ऐकू येईल, मग मागे ओढा. तरीही अडकत असेल तर केबल जास्त ताणलेली आहे. दांड्याजवळचा ताण कमी-जास्त करायचा नट अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. दांडा सोडल्यावर चाकं मोकळी फिरली पाहिजेत आणि दाबल्यावर लगेच पकडली पाहिजेत. नटाने हे जमलं नाही तर वॉरंटीत दाखवा.